जिन्यातली गरम भिंत

९ जून

आत्या,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की इथे सगळं कार्यालय ऐकतं. म्हणून लिहिते आहे.

तुमच्या पत्र्याच्या खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेवर गृहनिर्माण मंडळाने इमारती बांधायचं नक्की केलं आहे. पुढच्या आठवड्यात पाहणी करणारे लोक येतील. घरात माणसं किती, कोण काय करतं, हे विचारतील. त्या उत्तरांवरून घरं ठरतील आणि बाकीचंही ठरेल, म्हणजे पाणी, टाक्या, वीज. विजेचं काम आमच्या विभागाकडे आहे. ते माझ्या टेबलावर येण्याचा संभव आहे. मी इथे कामाला लागले आहे हे तिथे कुणाला सांगू नकोस.

आणखी एक. घर राहण्यासाठी दिलं जाणार आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेव.

कानाचे थेंब वेळेवर घाल.

भाची

१७ जून

मोजपट्टी,

पत्र कसलं, नोटीसच आली. नुसतं "आत्या" आणि पुढे स्वल्पविराम. मला वाटलं हजेरी घेतायत, "हजर" म्हणायला उभीच राहणार होते.

पाहणीवाले काल येऊन गेले. तू लिहिलंस ते मला एका वाचनात समजलं. तू बोलायचं नाही आणि मी समजून घ्यायचं, हे काय आजचं आहे? आदल्या दिवशीच सगळ्या ओळींत फिरून सांगून आले. सगळ्यांनी ऐकलं. शेजारची शिलाईवाली तेवढी "का म्हणून?" म्हणाली. तिला म्हटलं, का ते विचारू नकोस, बातमी पक्की आहे.

विचारायला आलेली मुलगी चांगली होती, घामाने भिजलेली. पाणी दिलं. तुझं नाव कुठेही काढलं नाही. आणि माझं इस्त्रीचं काम मी आता सोडलं, असंच समज. हात दुखतो.

थेंब घालते. तू जेवतेस का, की तेही मोजून?

तुझी आत्या

२२ ऑगस्ट

मोजपट्टी,

पाहणी झाली त्याला दोन वर्षं होऊन गेली. या दोन वर्षांत आपण एकमेकींना काय लिहिलं? तू: थेंब घातले का? मी: घातले. आज जरा मोठं लिहिते, कारण एका जागी बसवत नाहीये.

पहिली इमारत मे महिन्यात भरली, ते तुला माहीतच आहे. माझं नाव दुसऱ्या इमारतीत लागलंय, तिसरा मजला. मंडळाचा माणूस सांगून गेला, पुढच्या महिन्यात किल्ली. तेव्हापासून माझी खोली म्हणजे नुसती गाठोडी. चमचा हवा असेल तर गाठोडं सोडा, चमचा घ्या, परत बांधा. काल गाळणी सापडेना, तर चहा रुमालाने गाळला. बसलं की वाटतं उठावं. उठलं की वाटतं इमारत बघून यावी, जशी काही ती पळून जाणार आहे.

रोज एक चक्कर पहिल्या इमारतीत होतेच. शिलाईवालीला तिथे दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मी गेले की ती आधी नळ सोडून दाखवते. रोज. मीही रोज "वा!" म्हणते. तिच्या खिडकीतून आमचे पत्रे वरून दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, अगं बाई, या डब्यांत कोण राहतं?

तुझी बढाई मी मारत नाही, पण मनात म्हणते, ही वीज आमच्या मोजपट्टीची. एक विचारायचं होतं. जिन्यातली भिंत उबदार ठेवायची युक्ती तुझीच का? मीटरच्या खोलीपासून वर जाते ती, जराशी पुढे आलेली. एक भटकं मांजर दुसऱ्या मजल्यावर तिला पाठ लावून बसलेलं असतं, हाकललं तरी हलत नाही. मीसुद्धा जाता-येता जरा टेकते. कंबरेला फार बरं वाटतं. आमच्या इमारतीतही कराल ना?

तुझी आत्या

२६ ऑगस्ट

आत्या,

ती भिंत गरम असायला नको.

ती भिंत नाहीच. सिमेंटची पातळ फळी आहे आणि तिच्यामागे पोकळी आहे. मीटरखोलीतून वरच्या सगळ्या घरांना वीज नेणारी मुख्य केबल त्या पोकळीतून जाते. फळी उबदार लागते याचा अर्थ आत केबल तापते आहे.

तिला टेकून बसू नकोस. कुणालाच बसू देऊ नकोस.

मला कळव: फळीवर तळहात ठेवून धरता येतो का, दिवसाच्या कोणत्या वेळी ती जास्त तापते, दिवे मंद होतात का, फ्यूज उडतो का. आणि दिवे, पंखे, टीव्ही सोडून लोक घरात आणखी काय चालवतात.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी उत्तर लिही.

भाची

३० ऑगस्ट

मोजपट्टी,

घाबरवून सोडलंस. मांजराला पाणी मारून हाकललं, आता ते माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

हात ठेवून बघितला. ठेवता येतो, पण ठेवावासा वाटत नाही. मुलं शाळेत गेली की तापायला लागते, ती दुपार टळेपर्यंत. दिवे मंद होतात. आधी तर सारखे जायचेच, फ्यूज रोज उडायचा. आता नाही उडत. तळमजल्यावर लांब्या राहतो ना, कधीकाळी वायरमनच्या हाताखाली होता, त्याने फ्यूजमध्ये चांगली जाड तार घालून दिली. तेव्हापासून काही कटकट नाही. बघ, इंजिनियर आमच्यातही आहेत!

लोक आणखी काय चालवणार? गरिबाच्या घरात असतं काय? यंदा ऊनच फार आहे, त्याने तापत असेल भिंत. तू उगीच जिवाला लावून घेऊ नकोस. किल्ली मिळाली की पहिला चहा तुझ्या हातचा.

तुझी आत्या

२ सप्टेंबर

आत्या,

लांब्याला सांग, ती तार आजच काढायची आणि मूळची बारीक तार घालायची. फ्यूज उडतो म्हणून चिडू नका. उडणं हेच त्याचं काम आहे. जाड तार घातली की फ्यूज जळत नाही, केबल जळते. ती पोकळी जिन्याला लागून आहे आणि सगळ्या घरांना खाली उतरायला जिना तो एकच आहे.

उन्हाने एवढी एकच भिंत तापत नाही.

मी हिशेब पुन्हा मांडला. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज, सगळं सगळ्या घरांत एकदम चालू धरलं तरी ती केबल कोमट होणार नाही. घरटी एक इस्त्रीही धरलेली आहे, पण घरचे चार कपडे करण्यापुरती. सगळ्यांची एकाच वेळी आणि तासन्‌तास अशी नाही. पाहणीत घरी बसून धंदा करणारी माणसं जवळजवळ निघालीच नव्हती. त्यावरून केबल ठरवली. ठरवणारी मी आहे. दुसऱ्या इमारतीतही तीच केबल आहे, म्हणजे तुझ्या.

तू मला काहीतरी सांगत नाहीस. तुझं पत्र आल्यापासून मी आमच्या कार्यालयाच्या जिन्यात चढता-उतरता भिंतींना हात लावून बघते. लोकांच्या लक्षात यायला लागलं आहे.

भाची

१५ सप्टेंबर

मोजपट्टी,

तार त्याच दिवशी काढायला लावली. लांब्या म्हणाला, "आत्याबाई, मग परत अंधार." म्हटलं, बस अंधारात. तेव्हापासून फ्यूज उडतोय आणि अख्खी इमारत माझा उद्धार करतेय. बाकीचं लिहायला रोज बसत होते आणि रोज उठत होते. आता लिहूनच टाकते.

इस्त्री मी कधीच सोडली नव्हती. सोडून खाऊ काय? तू इथे होतीस तेव्हाची कोळशाची गेली, आता विजेची आहे, चांगली जड. दवाखान्याचे कपडे येतात, दोन लॉजचे येतात. पहिल्या इमारतीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. वरच्या मजल्यावर दोघी विजेच्या शेगड्यांवर बाहेरच्यांसाठी जेवण करतात. एका घरात प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं तापवून चिकटवतात. शिलाईवालीची मोटर आहे, वर तिची इस्त्री. तू पाहिलेले स्टोव्ह आणि कोळसे आता कुणाकडे राहिले नाहीत. मुलं शाळेत गेली की सगळ्यांचं एकदम सुरू होतं.

आणि पाहणीत यातलं काही निघालं नाही, कारण मीच निघू दिलं नाही. आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं: मशीन चादरीखाली, इस्त्री पलंगाखाली, कुणी विचारलं तर म्हणा घरकाम. मला कुणी सांगितलं? तू! तुझं पत्र शोधून काढलं आत्ता. "घर राहण्यासाठी दिलं जाणार आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेव." मी काय समजायचं याचं? मला वाटलं, पोरीची नोकरी नवी आहे, उघड बोलता येत नाही, म्हणून आडून सांगतेय की धंदा दिसला तर घर मिळायचं नाही. किती कौतुक वाटलं होतं मला तुझं. म्हटलं, आमची मोजपट्टी आतून आपल्यासाठी किती करते.

आता सांग. खरं बोललो तर घरं काढून घेतील का? सगळ्या जणी माझ्या शब्दावर गप्प राहिल्या होत्या. रस्त्यात दिसल्या की मला धडकी भरते. आणि या वेळी फोड करून लिही बाई. दोन ओळी जास्त लिहिल्याने शाई आटत नाही.

तुझी आत्या

१९ सप्टेंबर

आत्या,

त्या वाक्याचा अर्थ होता: मिळालेलं घर भाड्याने देऊ नका, विकू नका. मागच्या एका योजनेत तसं झालं होतं. धंद्याचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. पण त्या वाक्यातून तुझा अर्थ निघतो, हे आता वाचल्यावर दिसतं.

फोड करून लिहिते.

काल मुख्य अभियंत्यांकडे गेले. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. पहिल्या इमारतीतली केबल तापते आहे, प्रत्यक्ष भार मोजायला हवा, असं सांगितलं. ते म्हणाले, "तापते आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर जागेवर गेला नाहीत."

"तिथल्या एका बाईंनी कळवलं."

"तक्रार आली आहे?"

"कार्यालयात नाही. मला पत्र आलं."

"तुम्हालाच का?"

खोलीत आणखी दोघे बसले होते. मी म्हटलं, "ती माझी आत्या आहे. समोरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहते. मी तिथेच वाढले."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "दोन वर्षं झाली इथे आहात, कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

हे खरं उत्तर नव्हतं. त्यांनी पुढे ताणलं नाही.

घरं जातील का, याचं उत्तर: नियमात "निवासी वापर" एवढंच लिहिलं आहे. घरी बसून केलेलं काम त्यात येतं की नाही, हे कुठेही लिहिलेलं नाही. साहेब म्हणतात, खरा भार मोजला गेला तर मी मंडळाला लिहीन की केबल बदला आणि लोकांना त्यांचं काम करू द्या. मोजल्याशिवाय लिहिणार नाही. त्यांच्या जागी मीही लिहिलं नसतं.

३ ऑक्टोबरला सकाळी ते स्वतः येतील. केबलला चिमट्यासारखं एक मीटर लावतात, त्यावर आकडा दिसतो. त्या वेळी सगळ्यांचं रोजचं काम रोजच्यासारखं चालू हवं. परत चादरी घातल्या तर आकडा परत खोटा येईल, केबल तीच राहील आणि तुमची इमारत त्याच केबलवर भरेल. मी येणार नाही. नातं सांगितल्यामुळे मला या कामातून बाजूला केलं आहे.

घरं जाणार नाहीत असं मी लिहून देऊ शकत नाही. बहुधा जाणार नाहीत. हा "बहुधा" मला स्वतःलाच पुरत नाही, पण याहून जास्त माझ्याकडे नाही.

भाची

४ ऑक्टोबर

मोजपट्टी,

तुझा "बहुधा" घेऊन मी दारोदार हिंडले. बहुधाला कोण विचारतं? वरच्या मजल्यावरची जेवणवाली म्हणाली, "तेव्हा तुम्हीच झाका म्हणालात, आता तुम्हीच उघडा म्हणता. तुमचं काय जातंय, आत्याबाई? तुम्ही तर अजून पत्र्यातच." म्हटलं, "माझी किल्ली त्यांच्याच खिशात आहे, सगळ्यात आधी माझंच जाईल." शिलाईवालीने तर बोलणंच टाकलं. मी गेले तरी नळसुद्धा सोडून दाखवला नाही.

काल तुझे साहेब आले. बरोबर दोघे जण आणि एक शिडी. तळमजल्यावरची फळी उघडली तर जळक्या रबराचा भपका. साहेबांनी चिमटा लावला आणि उभे राहिले. मी मीटरखोलीच्या दारात. सगळी इमारत चिडीचूप. एक पंखा फिरत नव्हता! माझ्या कानांना शांतता नवी नाही, पण ही मलासुद्धा ऐकू आली.

साहेब म्हणाले, "एवढाच भार?"

बरोबरचा एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "यांचंच पत्र होतं ना, साहेब?" आणि असा हसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मला तिथे उभं राहवेना. तडक रस्ता ओलांडून खोलीत गेले, इस्त्री उचलली, दवाखान्याच्या कपड्यांचं गाठोडं उचललं आणि धापा टाकत शिलाईवालीच्या दारात.

"सरक. प्लग कुठेय?"

"आत्याबाई, माझं घर जाईल हो."

"तुझ्या घरात मी धंदा करतेय. विचारलं तर माझं नाव सांग. म्हातारी घुसली म्हणावं, ऐकेना."

दार सताड उघडं टाकलं आणि जिन्यातून दिसेल असं टेबलावर कापड पसरून कामाला लागले. एकट्या इस्त्रीने आकडा कितीसा हलणार? पण आता मागे फिरायचं नव्हतं. दवाखान्याचे दोन डगले झाले. शिलाईवाली हाताची घडी घालून नुसती बघत उभी. तिसऱ्या डगल्याला मात्र तिला राहवलं नाही.

"कॉलरची वाट लावलीत. व्हा बाजूला," म्हणाली. आपली इस्त्री काढली. मग मशीनवरची चादर ओढून फेकली आणि पायाने मोटर दाबली. तो आवाज जिन्यातून वर गेला असणार, कारण जरा वेळाने वरून एक मशीन सुरू झालं, मग खालून एक. मला ऐकू कमी येतं, पण पायाखालची फरशी कळते. फरशी थरथरायला लागली, पोरी! वरून कांदा परतल्याचा वास आला आणि मला कळलं की जेवणवालीनेसुद्धा शेगड्या लावल्या.

मी परत खाली पळाले. साहेब आकड्याकडे बघतायत. मघाशी हसलेला म्हणाला, "साहेब, बंद करायला सांगू का?" साहेब म्हणाले, "थांब." पुढे झाले आणि शेजारच्या फळीवर तळहात ठेवला. ठेवला तसा काढला. तेवढ्यात फट्ट! फ्यूज उडाला, सगळं बंद. आणि सगळ्या मजल्यांवरून एकच आरोळी: "लांब्याऽऽ!"

साहेब हसले की नाही, दिसलं नाही. मीटरखोलीत मिट्ट काळोख. एवढंच म्हणाले, "बाई, ही इमारत रोज अशीच चालते?"

म्हटलं, "आज जरा उशिरा सुरू झाली."

जाताना काही सांगितलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. कपडे पोचवून आले, पण हातातलं काम हातात राहत नाही. दारात कुणाची सावली पडली तरी वाटतं मंडळाचा माणूस. लवकर कळव.

तुझी आत्या

२१ ऑक्टोबर

आत्या,

मंजूर झालं. पहिल्या इमारतीत जाड केबल टाकतील आणि पोकळीला झरोके ठेवतील. तोपर्यंत कुणी कोणत्या वेळी काम करायचं याच्या पाळ्या लांब्याने लावून द्याव्यात, असं साहेबांनीच सुचवलं आहे. दुसऱ्या इमारतीत किल्ल्या देण्याआधीच केबल बदलतील, त्यामुळे डिसेंबर उजाडेल. घरी बसून केलेलं काम निवासी वापरातच धरायचं, असा लेखी आदेश निघाला आहे. कुणाचंही घर जाणार नाही. हे बहुधा नाही, नक्की आहे.

आता दुसरी गोष्ट. मंडळात नोकरी करणाऱ्याने ज्या इमारतीचं काम केलं, त्या इमारतीत त्याच्या कुटुंबातल्या माणसाला घर देता येत नाही. मी नातं सांगितल्यावर तो नियम कुणीतरी काढलाच. मला लेखी विचारलं: या बाई तुमच्या कुटुंबात येतात का? "वेगळं घर, वेगळा पत्ता" असं लिहिता आलं असतं. कागदावर ते टिकलंही असतं.

मी लिहिलं की चार वर्षांची असल्यापासून तूच मला वाढवलंस आणि शाळेत पालक म्हणून तुझीच सही आहे. यामुळे तुझी किल्ली अडकू शकते हे मला माहीत आहे. तुला न विचारता लिहिलं. विचारलं असतं तर तू लिहू दिलं नसतंस.

तुलाही विचारायला माणूस येईल. जे आहे ते सांग.

भाची

२१ ऑक्टोबर

मोजपट्टी,

घाईत लिहितेय, पण तू निर्धास्त राहा. मंडळाचा माणूस आज येऊन गेला. विचारत होता, ती इंजिनियर बाई तुमची कोण? मी काय दूधखुळी आहे? लगेच ओळखलं, पोरीच्या नोकरीवर काहीतरी आलंय. म्हटलं, कोणी नाही. लहानपणी या बाजूला राहायची, शिलाईवालीकडे फ्रॉक शिवायला यायची, तेवढी तोंडओळख. पत्र कसं गेलं विचारलं, तर म्हटलं, शिकलेली मुलगी दिसली, पत्ता मिळवला, लिहिलं. आत्या तर मला अख्खी वस्ती म्हणते.

सगळं त्याच्यासमोर माझ्या हाताने लिहून सही करून दिलं. अगदी तुझ्यासारखं, थोडक्यात. तुझ्या केसाला धक्का लागायचा नाही. तू तुझं काम कर आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस.

तुझी आत्या

३० ऑक्टोबर

आत्या,

दोन्ही उत्तरं एकाच दिवशी साहेबांच्या टेबलावर पोचली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला बोलावलं.

"यातलं खोटं कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "ती."

तुझ्याविरुद्ध साक्ष देण्याची ही माझी पहिलीच वेळ. बाहेर येऊन मी जिना उतरून रस्त्यावर गेले आणि परत वर आले. मग पुन्हा उतरले. मला त्या इमारतीत बसवेना.

निर्णय असा. तू खोटं लिहून दिलंस, त्यावर कारवाई होणार नाही. साहेबांनी ते सांभाळून घेतलं. पण दुसऱ्या इमारतीतून तुझं नाव काढलं आहे. ते तिसऱ्या इमारतीत टाकलं आहे. तिसऱ्या इमारतीचा पाया अजून खणलेला नाही. निदान दोन वर्षं धर. माझ्यावर काहीही आलेलं नाही, फक्त मला सांडपाण्याच्या विभागात पाठवलं आहे.

मी गप्प राहिले असते तर डिसेंबरमध्ये तुला किल्ली मिळाली असती. हे मी लिहून ठेवते, म्हणजे तुला मला ते सांगायला नको.

तोपर्यंत माझ्याकडे येऊन राहा. खोली लहान आहे. तू येणार नाहीस हेही मला माहीत आहे, तरी विचारते.

तुझी भाची

१४ डिसेंबर

मोजपट्टी,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण राग होता. अजून आहे. मला न विचारता माझं घर तू त्या कागदावर ठेवून आलीस. खरं बोलायचं होतं तर किल्ली हातात आल्यावर बोलायचं होतंस! इतकी वर्षं दातखीळ बसली होती, अजून दोन महिने बसली असती तर काय बिघडलं असतं? हे शिलाईवालीला बोलून दाखवलं तर ती म्हणते, "तुम्ही तरी आम्हाला विचारून झाका म्हणाला होतात का?" मग तिच्यावरही रागावले.

दुसरी इमारत काल भरली. आमच्या ओळीतले सगळे गेले. रिकाम्या खोल्यांचे पत्रे काढायला माणसं आलीत, दिवसभर ठणाठण, आणि नेमकं तेवढं मला ऐकू येतं. माझी एकटीची खोली तेवढी ठेवणार आहेत. कपडे मात्र वाढलेत. दोन्ही इमारतींतले लोक मुद्दाम रस्ता ओलांडून आणून देतात. आणतात आणि माझ्याकडे न बघता जातात. जेवणवाली काल नुसती दारात उभी राहिली, मग म्हणाली, "आज जास्तच झालंय हो," आणि ताट ठेवून पळाली.

तुझ्याकडे येणार नाही. तुझ्या गावात माझं गिऱ्हाईक नाही.

आज सकाळी मंडळाचा तोच माणूस परत आला होता. म्हणाला, तिसऱ्या इमारतीसाठी कागद नव्याने करायचाय, आधी दिलेली माहिती खोटी होती असं लिहा. लिहिलं. मग म्हणाला, आता खरं नातं लिहा. तेही लिहिलं. त्याने वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"बाई, तुम्ही 'आई' लिहिलंय."

"हो."

"तुम्ही तर आत्या. म्हणजे हेही खोटंच. पुन्हा चौकशी लागेल."

म्हटलं, "लावा की. मी कुठे जातेय? तिसरी इमारत होईपर्यंत इथेच आहे."